आत्याचा म

भिवापूरच्या सातऱ्यावर देवांगना आत्याला
कधी शिंक आली नाही.
बाकीच्या बाया तोंडाला पदर बांधून, डोळे पुसत,
आणि ही उघड्या तोंडानं मिरचीचे देठ खुडत बसलेली.
तिच्यापुढचा लाल ढीग दुसरीच्या दीडपट.
मुकादम म्हणायचा, "बाई नाही बाप्पा, मशीन हाय."
किलोवर मजुरी. आम्ही त्याला नशीब समजायचो.

मला ती हाक मारायची: बुदेश्वर.
नाव माझं मुनेश्वर.
म चा ब व्हायचा तिच्या तोंडी, न चा द.
मिरची बिरची, नको दको.
गल्लीतली पोट्टी नक्कल करायची, मीही केली एकदा.
ती हसली. मधेच थांबून श्वास घेतला, पुन्हा हसली.

"नाकातलं हाड वाढलं," गावानं ठरवून टाकलं होतं.
ओव्याची पुरचुंडी झाली, कोमट तूप झालं,
बाजारातल्या एकानं कसलीशी भुकटी हुंगायला दिली,
तिनं नुसतं रक्त आलं.
करपलेली भाजी तिला धुरावरून कळायची,
नासलेलं दूध घोट घेतल्यावर.
मग एका रात्री गॅसची नळी गळत राहिली
आणि ती तिथंच, चुलाण्याच्या खोलीत झोपलेली.
म्हणून नेलं तिला. नाहीतर नाकासाठी कोण कुणाला नेतं.

नागपूर. मेडिकलची ओपीडी, केसपेपर, बावन्नावा नंबर.
डॉक्टर लांजेवार बाईंनी पेनाएवढी दुर्बीण आत सरकवली
आणि पडद्यावर आलं आत्याच्या नाकातलं तळं:
सोललेले शिंगाडे, एकमेकांना टेकलेले,
ओले, राखाडी, दोन्ही बाजूंना.
"हाड नाही हे. आतलं अस्तर सुजून सुजून असं लोंबतं."
आत्यानं विचारलं, "किती किलो भरतीद?"
बाईंना समजलं नाही. मी समजावलं नाही.

आधी गोळ्या, पंधरा दिवस, कमी कमी करत.
नवव्या दिवशी वास आला.
पहिला वास शेळीच्या लेंड्यांचा.
काकाला हाताला धरून नेलं तिनं दाखवायला,
जसा काही तो वास त्याच सकाळी गावात उतरला होता.
गोळ्या संपल्या, आठवड्यात गेलाही.
या जन्मभर देता येत नाहीत, बाई म्हणाल्या,
साखर वाढते, हाडं झिजतात.

मग ऑपरेशन. बाहेरून एक ओरखडा नाही.
आता रोज उकळून निवलेलं पाणी, मीठ, चिमूटभर सोडा,
मोरीवर वाकून एका नाकपुडीतून दुसरीत.
मग फवारा: उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत,
डाव्या हातानं उजव्या, मधल्या पडद्यावर नको.
सातबारा वाचता न येणारी आत्या
हे कुणालाही, विचारलं नसतानाही, सांगते.

सातऱ्यावर परत गेली त्या दिवशी
पहिल्याच पोत्यापाशी शिंकली. सतरा वेळा.
बायांचे हात थांबले.
मुकादम म्हणाला, "मशीन बिघडली."
संध्याकाळी तिचा ढीग सगळ्यांएवढाच.
घरी येऊन लुगड्याचा काठ नाकाशी धरला, म्हणाली,
"इतकी वर्सं माह्या अंगाले हाच वास होता काय?
अन् तुमी कोनी बोलले नाही."

काय बोलणार.

फवाऱ्याची बाटली महिन्यात संपायला हवी,
तिची दोन महिने पुरते.
विचारलं तर, "मारतो न बाबू, रोज मारतो."
शिंगाडे पुन्हा धरू शकतात, हे बाईंनी
टाके नसलेल्या त्या नाकाकडे बघत आधीच सांगितलं होतं.

म्हणून तिचा फोन आला की शेळी किती दूध देते,
कोणाचं लग्न जुळलं, हे मी नंतर ऐकतो.
आधी नुसती हाक.
परवा म नीट होता.
न मात्र कुठेतरी बुडाला, रेंज नसेल.
मी म्हटलं, आत्या, पुन्हा एकदा हाक मार.
ती चिडली.
"काहून?"